उद्गारचिन्हांचा अर्ज

रिटायर झाल्यावर कुणाला शेतीचा नाद लागतो, कुणाला भजनाचा. मला भांडणाचा लागला. भांडणही साधं बांधाचं नव्हे, टिंबांचं.

मी सात वर्षांचा असताना आंधळा झालो. 'दिव्यांग' वगैरे शब्द तोवर सेनगाव तालुक्यात पोचले नव्हते, त्यामुळे मी सरळ आंधळाच झालो. घरच्यांनी दूरच्या शहरातल्या अंधशाळेत टाकलं. तिथं इंग्रजीला एक सर होते, त्यांनाही दिसत नव्हतं. चूक सापडली की ते आमचं बोट धरून त्या चुकलेल्या टिंबावर दाबून ठेवायचे आणि म्हणायचे, "ओळख करून घे. हे तू केलंयस." त्या सरांनी इंग्रजी ब्रेल माझ्या बोटांत असं काही भरलं की पुढे कळमनुरीला बिऱ्हाड करून हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून उभी नोकरी निघाली, तरी ते उतरलं नाही. कचेरीत माझी ख्याती होती, 'इंग्रजीवाले ऑपरेटरसाहेब'. ती ख्याती मीच पसरवली होती, ही गोष्ट वेगळी.

आता भांडण कशाचं, ते सांगतो. ब्रेलमध्ये सहा टिंबांचं एक घर असतं. कुठली टिंबं उठवली यावर अक्षर ठरतं. इंग्रजी शब्द अक्षर-अक्षर लिहीत बसलं तर कागद पुरत नाही, म्हणून नेहमीच्या शब्दांना छोट्या खुणा आहेत. 'टू' या शब्दाला एकच खूण. ती पुढच्या शब्दाला चिकटवून टाकायची, मधे जागा सोडायची नाही. आणि गंमत अशी की तीच खूण शब्दाच्या शेवटी आली की उद्गारचिन्ह होते, मधे आली की दोन 'एफ' होते. एकाच खुणेकडे तीन खात्यांचा अतिरिक्त कार्यभार. आम्हा जुन्या लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

मग म्हणे इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी एकत्र बसून ठरवलं की सगळीकडे एकच ब्रेल हवं. एका देशात छापलेलं पुस्तक दुसऱ्या देशात अडू नये, संगणकालाही घोटाळा होऊ नये. त्यासाठी नऊ जुन्या खुणा काढून टाकल्या, चिकटलेले शब्द सुटे केले. हळूहळू ते आपल्याकडेही आलं. जिल्ह्यातल्या आम्हा ब्रेलवाल्यांचा फोनवर एक गट आहे, तिथं मी याविरुद्ध पंधरा-पंधरा मिनिटांचे आवाजी निरोप टाकू लागलो. "त्यांनी तिकडं एकमत करायचं आणि कळमनुरीतल्या माणसानं इकडं बोटं बदलायची? काहून?" असा माझा सवाल असे. गटावर त्याला कुणी उत्तर देत नसे. मला वाटायचं, सगळे निरुत्तर झाले. पुढे कळलं की निम्म्यांनी माझे निरोप ऐकणंच सोडलं होतं.

उत्तर देणारी व्यक्ती घरातच होती.

बायको माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माहेर पुसेगावचं. तिची नजर विशीत हळूहळू गेली. लग्नानंतर मराठी ब्रेल तिला मीच शिकवलं. इंग्रजीही शिकवायला बसलो होतो, पण तिसऱ्याच दिवशी तिनं पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "तुमी शिकवत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला किती येतं, ते सांगून राहिले." त्यावर मी रुसलो आणि ती शिकायची राहिली. बाहेरून परीक्षा देत ती बी.ए. झाली, ती मात्र माझ्या मदतीशिवाय. आणि दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या धड्यांवरून इंग्रजी ब्रेल शिकून घेतलं. कुठलं? नवीन. म्हणजे एका घरात, एका टेबलाशी, दोन लिप्या.

"जुन्यात 'अँड' आन् 'द' कसे बिलगून बसायचे," मी म्हणायचो. "सायकलवर डबलसीट चाललेल्या नवरा-बायकोवाणी. तुमच्या नव्यात त्यांना फारकत देऊन टाकली."

"फारकत न्हाई हो. दोघांला बसायला जागा दिली."

"जागा म्हंजे कागद. पुस्तकं जाड होऊन राहिली."

"होऊ द्या. तुमी कुठं बारीक राहिले?"

अशी आमची विद्वत्सभा चाले, बहुधा चहाच्या वेळी.

त्यातच ती जाहिरात आली. वारंगा फाट्याच्या अलीकडे एका संस्थेनं न दिसणाऱ्या मुलींसाठी निवासी शाळा काढली होती. त्यांना इंग्रजी ब्रेल शिकवायला तासिका तत्त्वावर बाई हव्या होत्या. अट एकच विशेष होती: एक पानी अर्ज उमेदवारानं स्वतःच्या हातानं इंग्रजी ब्रेलमध्ये लिहून आणावा आणि मुलाखतीत वाचून दाखवावा.

बायकोनं ते तीनदा ऐकलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "मी जाऊ?"

"तासिका तत्त्वावर म्हंजे काय पर्मनंट न्हाई," मी ऑपरेटरसाहेबाच्या सुरात म्हणालो.

"नसू द्या. आजवर मी कुणाची तरी लेक हाय, न्हाईतर ऑपरेटरसाहेबाची मिसेस हाय. एका हजेरीपटावर माझं नाव पायजे. एवढंच."

तिनं आठ दिवस अर्ज लिहिला. एक टिंब चुकलं तरी पान बाद करायची. शेवटी एक पान तिच्या मनासारखं झालं. ते तिनं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि मला बजावलं, "हात लावू नका."

बाजाराच्या दिवशी ती शेजारणीबरोबर भाजी आणायला गेली आणि मी हात लावला.

माझी बाजू मांडतो, कारण दुसरं कुणी मांडणार नाही. पान वाचताना मला खरंच गलबलून आलं. भाषा सुंदर होती, पण 'बाय' हा शब्द बी-वाय असा दोन अक्षरांत, 'टू' सुटा, 'कम'मधली खूण गायब, शब्दाशब्दात जागा! मला ते पान दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखं लागलं. त्यातून मुलाखतीला ब्रेल तपासायला नांदेडहून एक म्हातारे सर येणार, हे मला कळलं होतं. माझ्यापेक्षा मोठे, त्यांनाही न दिसणारे, म्हणजे जुन्या वळणाचे. हे असलं विरळ पान त्यांच्या बोटाखाली गेलं तर ते काय म्हणतील? बायकोची नोकरी जाईल! मी पाटी काढली, जाड कागद अडकवला, टोचणी घेतली आणि तिचा अर्ज शब्दन् शब्द जसाच्या तसा, फक्त 'शुद्ध' करून, जुन्या पद्धतीत उतरवला. टिंबं कागदाच्या मागून टोचायची असल्यानं पाटीवर उजवीकडून डावीकडे उलट लिहावं लागतं. पन्नास वर्षांत माझा हात त्या दिवशी जितका सफाईनं चालला तितका कधी चालला नव्हता. माझं पान तिच्या पानापेक्षा पुष्कळ ओळींनी कमी भरलं. माझं फोल्डरमध्ये, तिचं टेबलाच्या खणात.

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणजे आपण काय करून राहिलो, हेही ठाऊकच असणार. पण तेवढा खोल विचार मी नोकरीतही कधी केला नव्हता.

मुलाखतीला आम्ही गल्लीतल्या चाचांच्या रिक्षातून गेलो. चाचा माझ्या वयाचे, तीस वर्षांचा शेजार. बायकोला आत बोलावलं आणि मी आणि चाचा बाहेरच्या बाकावर बसलो. उकाड्यामुळे दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. आत दोघंच होते, मुख्याध्यापिका बाई आणि ते नांदेडचे सर.

"अर्ज वाचा," सर म्हणाले.

फोल्डर उघडल्याचा आवाज आला. मी छाती पुढे काढून बसलो. चाचांच्या कानात म्हणालो, "चाचा, आता ऐका."

"रिस्पेक्टेड मॅडम," बायकोनं सुरुवात केली. "आय विश..."

आणि बोट थांबलं. बोट थांबल्याचा आवाज येतो, डोळसांना तो माहीत नसतो. कागदावरची बारीक खसखस बंद होते. मला वाटतं, त्या क्षणी तिला कळलं पान कुणाचं आहे. माझी टिंबं जरा जास्तच खोल उठतात.

"वाचा की," सर म्हणाले.

"सर, जसं लिवलंय तसं वाचू?"

"अगदी जसंच्या तसं."

तिनं एक श्वास घेतला. मग परिपाठाला प्रतिज्ञा म्हणावी तशा खणखणीत आवाजात वाचायला लागली. "आय विश, उद्गारचिन्ह, टीच. आय ॲम अ डिसा-चार वुमन."

"काय चार?" मुख्याध्यापिका बाई.

"डिसा. चार."

चाचांनी मला कोपरानं ढोसलं. "भाई, ये डिसाचार क्या है?"

भ्रष्टाचाराचा धाकटा भाऊ असावा असं ऐकू येत होतं. झालं होतं ते असं: 'डिसएबल्ड' या शब्दात शेवटच्या 'बीएलई'साठी जुन्या ब्रेलमध्ये एक खूण आहे, ती मी ऐटीत वापरली होती. पण तीच खूण आकड्याचीही आहे आणि तिच्यापुढचा 'डी' म्हणजे चार. नव्यात ती खूण आकड्याशिवाय दुसरं काम करत नाही. म्हणून माझी सुशिक्षित, बी.ए. झालेली बायको भर मुलाखतीत डिसाचार झाली होती.

"पुढं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी खदखदत होतं.

"आय कॅन, आडवी रेघ, ई, अवतरण संपलं, बस."

"बस?" बाई म्हणाल्या. "एवढाच अर्ज?"

"न्हाई मॅडम. ही बस म्हंजे एसटी."

माझ्या शुद्ध खुणांनी 'कम बाय बस'ची ही गत केली होती. चाचा रुमालात हसायला लागले. मला सरांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, त्यांनी पान स्वतःकडे ओढलं असावं. बोट फिरत राहिलं.

"बाई, हा अर्ज आहे का भांडण?" ते म्हणाले. "दर दोन शब्दांनी उद्गारचिन्ह! हे पान तुम्ही लिहिलंय?"

झालं. म्हातारे सरही नव्याचेच निघाले होते. हो म्हणावं, तर नवीन ब्रेल येत नाही असं ठरणार. नाही म्हणावं, तर अर्ज स्वतःच्या हातचा नाही. दोन्हीकडून तिची नोकरी गेली होती आणि ती घालवणारा इसम बाहेर बाकावर घाम पुसत बसला होता. आत जाऊन कबूल करावं म्हणून मी उठलोही. चाचांनी सदरा धरून खाली बसवलं. "बैठो चुपचाप. और कितना बिगाडते?"

"न्हाई सर," बायको म्हणाली. "माझं पान घरी ऱ्हायलं. हे माझ्या एका विद्यार्थ्याचं हाय."

"तुम्हाला विद्यार्थी आहेत?"

"एकच हाय."

"काय वय?"

"साठ."

आत खुर्ची करकरली.

"हुशार आहे?" सरांनी विचारलं.

"लई हुशार हाय. पण ऐकत न्हाई."

सर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "असा विद्यार्थी असेल तर शिकवायचं कसं? दाखवा बरं याच पानावरून. मला विद्यार्थी समजा."

आणि तिनं शिकवायला घेतलं. सरांचं बोट धरून एकेक ओळ. मी वाट बघत होतो की आता ती माझी चंपी करणार. पण तिनं एकदाही 'चूक' म्हटलं नाही. "हे जुनं हाय, सर. त्याच्या काळात हे बराबर होतं. ही खूण तिथं तीन कामं करायची, कुठलं काम ते जागेवरून वळखायचं. आता पोरी फोनवर, मशीनवर वाचतात, मशीनला जागा कळत न्हाई, तिला खूण कळते. म्हणून आता एका खुणेला एक काम. जुनं लिवणारा माणूस आडमुठा नसतो, त्याच्या बोटाला सवय असती. बोटाला रागावून उपयोग न्हाई." माझ्याशी एवढं मऊ ती घरात एकदाही बोलली नव्हती. अर्थात मीही घरात एकदाही विद्यार्थी नव्हतो.

"पण तुम्ही नवीन शिकलात," सर म्हणाले. "मग जुनं तुम्हाला इतकं कसं येतं?"

"घरी त्याच्या वह्यांची पेटी हाय. शाळेपासूनच्या. ज्याला त्याला सांगत असतो, पण वाचायला कोण बसतंय? तो बाहेर गेला की मी काढून वाचते. त्याच्या मागं कुणाला तरी वाचता आलं पायजे ना."

चाचा माझ्याकडे वळले असावेत. "अब क्यूँ चुप हो?" त्यांनी हळूच विचारलं. मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. काळ्या चष्म्याचा तेवढा उपयोग असतो.

मुख्याध्यापिका बाई मात्र नियमाच्या पक्क्या. "शिकवलंत छान. पण अर्ज तुमच्याच हातचा लागेल. त्याशिवाय मला पुढं पाठवता येणार नाही."

"पिशवीत पाटी हाय, मॅडम. अर्धा तास द्या. मला पाठ हाय."

मग आतून टकटक सुरू झाली. मी आयुष्यात पाटीवरची टकटक लाखो वेळा ऐकली असेल, पण कुणा दुसऱ्याच्या एकेका टिंबाला जीव मुठीत धरून बसण्याची ती पहिलीच वेळ. मधेच टकटक थांबली की मी मनातल्या मनात पुढचा शब्द सांगायचो, जुन्या पद्धतीनं, आणि जीभ चावायचो. अखेर ती थांबली. कागद निघाला. आणि तिनं अर्ज न अडखळता वाचला. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

"कळवतो," बाई म्हणाल्या.

परतताना ती रिक्षात पिशवी मांडीवर आवळून बसली. चाचांनी दोनदा हवापाण्याचा विषय काढून पाहिला, मग रिक्षाचा रेडिओ लावला. कळमनुरीचा रस्ता इतका लांब आहे हे मला माहीत नव्हतं. वस्तीचे आवाज सुरू झाले तेव्हा ती बोलली.

"माझं पान कुठंय?"

"टेबलाच्या खणात."

"दुमडलं तर न्हाई ना?"

"न्हाई. सरळ ठेवलंय."

"बरं."

"चुकलो मी," मी म्हणालो. हे वाक्य मला इंग्रजीतही नीट येत नाही आणि मराठीत तर सवयच नाही.

"आता गटावर टाका तसं," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांचं."

टाकलं. दहा सेकंदांचं झालं. त्या दिवशी पहिल्यांदा गटावरच्या सगळ्यांनी माझा निरोप शेवटपर्यंत ऐकला आणि जो तो विचारू लागला, "तब्येत बरी आहे ना?"

पाचव्या दिवशी फोन आला. सोमवारपासून यायचं. बायकोनं "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी. मी उंबऱ्यात उभा राहिलो. "हजेरीपटावर नाव कसं लिवणार म्हणाले?" मी विचारलं.

"माझं," ती म्हणाली. नळ चालूच राहिला.

सोमवारच्या आदल्या दिवशी तिनं मला पहिला गृहपाठ दिला. बाईंनी फोनवर सांगितलं होतं, शाळेच्या कपाटात देणगीत आलेली जुन्या ब्रेलची पुस्तकं पडून होती, मुलींना ती वाचता येत नव्हती. म्हणून एक पान हवं होतं: वरची ओळ जुन्या ब्रेलमध्ये, खालची तीच ओळ नव्यात, म्हणजे मुलींना एकाखाली एक चाचपता येईल. "जुनी तुमच्याइतकी चांगली कुणाला येती?" ती म्हणाली. स्तुती ऐकून मी कामाला लागलो, माझा स्वभाव तिला पुरता पाठ आहे.

वरच्या ओळी भराभर झाल्या. सोमवारी सकाळी ती साडीला पिन लावत होती, चाचांचा हॉर्न वाजत होता, आणि मी "रिक्षा नऊ वाजता येते" हे इंग्रजी वाक्य लिहीत होतो. वर 'ओ-क्लॉक' झाला. जुन्यात तो लिहायला ओ, वरचा स्वल्पविराम आणि सी, बस्स. मग खालच्या ओळीत तोच शब्द पुरा लिहायचा होता, आणि माझा हात हवेत राहिला. शाळेपासून आजवर मी तो शब्द शेकडो वेळा लिहिला होता, पण सदैव तीन घरांत. पूर्ण स्पेलिंग माझ्या बोटांना कधी भेटलंच नव्हतं; घड्याळ लिहायचं तर मी 'वॉच' लिहायचो.

"अगं," मी ओरडलो, "क्लॉकच्या शेवटी नुसता 'के' की 'सी-के'?"

"काय?" दारातून आवाज आला. हॉर्न पुन्हा वाजला. "आल्यावर सांगते! उशीर होऊन राहिला मला!"

रिक्षा गेली. मी टोचणी त्या घरावर टेकवून बसलो. चाचा तिला साडेचारला परत आणणार होते.